स्वयंपाकघर, काँक्रीटचे घर आणि न आवरलेला पलंग : आधुनिक ब्रिटिश कलेची एक वाट

लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात जॅक स्मिथ यांचे १९५३ सालचे एक तैलचित्र आहे. एक आई आपल्या बाळाला स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये अंघोळ घालते आहे, एवढाच त्याचा विषय. भांडी घासायची तिथेच मूल धुऊन काढायचे, ही युद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या असंख्य घरांतली रोजची गोष्ट होती आणि चित्रकाराने तिला कसलाही साज चढवलेला नाही. १९९९ साली याच टेटमध्ये, समकालीन कलेसाठी दिल्या जाणाऱ्या टर्नर पारितोषिकाच्या प्रदर्शनात, ट्रेसी एमिन यांनी आपला पलंग मांडला. चुरगळलेल्या, डाग पडलेल्या चादरी, व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या, सिगरेटची थोटके, सपाता, वापरलेले कपडे, सगळे जसेच्या तसे. या दोन कलाकृतींमध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. सिंकचे चित्र रंगवणारी कला पलंगच उचलून आणणारी कला कशी झाली, हे उमगले की विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या ब्रिटिश कलेचे बरेचसे कोडे सुटते.

हा इतिहास सहसा पंथांच्या नावांनी सांगितला जातो: पॉप, ऑप, संकल्पनाधिष्ठित कला, ‘यंग ब्रिटिश आर्टिस्ट्स’ वगैरे. नावे पाठ करणे सोपे असते, पण एका पंथातून दुसरा का निघाला हे त्यातून कळत नाही, आणि जे कलावंत कोणत्याच कप्प्यात बसत नाहीत ते कथेबाहेर राहतात. म्हणून या लेखात मी दुसरी वाट धरली आहे, ती घराची. या काळातले ब्रिटिश कलावंत पुन्हा पुन्हा घराकडे वळलेले दिसतात. घरात काय असते, घरातली वस्तू कलाकृती कधी होते, आणि या देशाच्या घरात आपले म्हणून कोणाला घेतले जाते, असे तीन प्रश्न त्यांच्या कामातून उभे राहतात. तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा कानावर घेतला गेला.

सुरुवात घरे पडण्यापासून झाली. १९४०च्या सप्टेंबरपासून लंडनवर जर्मन विमानांनी रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकले आणि हजारो माणसे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपू लागली. शिल्पकार हेन्री मूर यांनी तिथे पांघरुणात गुरफटून ओळीने झोपलेल्या माणसांची चित्रे काढली. ती सरकारच्या युद्धकलावंतांच्या योजनेत घेतली गेली आणि मूर हे नाव सामान्य माणसांपर्यंत पोचले. युद्ध संपत आले असताना, १९४५च्या एप्रिलमध्ये, लंडनच्या लेफेव्हर गॅलरीत फ्रान्सिस बेकन यांची तीन चित्रे एकत्र टांगली गेली. क्रुसाच्या पायथ्याशी बसलेल्या तीन आकृत्या, असा त्यांचा विषय; पण त्या आकृत्या ना धड माणसे ना धड जनावरे, मान लांबवलेल्या, तोंड वासलेल्या, आणि मागे पेटल्यासारखा नारिंगी रंग. त्याच महिन्यात नाझींची बेल्झनची छळछावणी मुक्त झाली आणि तिथली दृश्ये जगासमोर आली. त्यामुळे ही चित्रे विक्षिप्त म्हणून झटकून टाकणे पाहणाऱ्यांना अवघड गेले असावे. पुढे आयुष्यभर बेकन माणसांना खोल्यांत बसवत राहिले. त्यांच्या खोलीत फारसे सामान नसते. एखादी खुर्ची, एखादा लोंबता दिवा, आणि माणसाभोवती पिंजऱ्यासारख्या बारीक रेषा. घर म्हटले की सुरक्षितता आठवते, ही सवयच ते मोडून काढतात.

याच सुमारास कलेच्या पैशाची व्यवस्थाही बदलली. १९४६ साली ‘आर्ट्स कौन्सिल’ स्थापन झाली. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी तिची आखणी केली होती. पैसा सरकारचा, पण तो कोणाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवायचे नाही, स्वतंत्र मंडळाने ठरवायचे, हे तिचे तत्त्व. जी कला बाजारात खपण्याची शक्यता नाही, तीही सार्वजनिक पैशातून दाखवता येऊ लागली. पुढच्या पन्नास वर्षांतली अर्धी भांडणे याच तत्त्वावरून झाली, कारण आपल्या करातून काय विकत घेतले जाते हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला वाटणारच.

युद्ध संपले तरी टंचाई संपली नव्हती. ब्रिटनमधले अन्नधान्याचे रेशनिंग पूर्णपणे उठायला १९५४चा जुलै उजाडला. त्या वर्षी जॉन ब्रॅटबी या तरुण चित्रकाराने बटाट्याचे काप तळायची कढई असलेले एक वस्तुचित्र रंगवले. ब्रॅटबींच्या चित्रांतली टेबले पाहण्यासारखी असतात. डबे, पाकिटे, बाटल्या, ताटल्या अशी खच्चून गर्दी आणि ट्यूबमधून पिळून थेट लिंपल्यासारखा जाड रंग. वर्षानुवर्षे मोजून-मापून खाल्लेल्या माणसाने भरलेले टेबल पाहावे तशी ती चित्रे आहेत. ब्रॅटबी, स्मिथ आणि त्यांच्या दोन सोबत्यांच्या कामाबद्दल समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी १९५४च्या डिसेंबरात एक लेख लिहिला, त्यात घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करत ते शेवटी सिंकपर्यंत पोचले आणि ‘किचन सिंक’ हे नाव या चित्रकारांना कायमचे चिकटले. नावात चेष्टा होती, पण १९५६ साली हेच चौघे व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्रिटनच्या वतीने मांडले गेले.

मात्र त्याच १९५६ सालात, लंडनच्या पूर्व भागातल्या व्हाइटचॅपल कलादालनातल्या एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत, या सिंकला जुने ठरवणारी एक खोली अवतरली. ही खोली म्हणजे रिचर्ड हॅमिल्टन यांचे एक कोलाज. ते जेमतेम २६ सेंटीमीटर लांबीचे आहे, म्हणजे शाळेच्या वहीएवढे. ‘नेमके कशामुळे आजची घरे इतकी वेगळी, इतकी हवीहवीशी वाटतात?’ असे जाहिरातीच्या भाषेतले लांबलचक नाव त्याला आहे, आणि ते बहुतांशी अमेरिकी नियतकालिकांच्या कात्रणांतूनच चिकटवलेले आहे. दिवाणखान्यात पिळदार शरीराचा एक उघडा पुरुष उभा आहे, त्याच्या हातात टेनिसच्या बॅटीसारखा धरलेला प्रचंड लॉलीपॉप, आणि त्यावर ‘पॉप’ हा शब्द. सोफ्यावर एक विवस्त्र स्त्री. मेजावर हॅमचा डबा एखाद्या मूर्तीसारखा विराजमान. दिव्याच्या शेडवर फोर्ड मोटारीचे बोधचिन्ह. भिंतीवर जुन्या वळणाच्या एका व्यक्तिचित्राशेजारी प्रेमकथांच्या कॉमिकचे मुखपृष्ठ चौकटीत लावलेले. जिन्यावर व्हॅक्युम क्लीनर, जमिनीवर टेपरेकॉर्डर, कोपऱ्यात टीव्ही. या खोलीला छत नाही. तिथे अवकाशातून दिसावा तसा पृथ्वीचा गोल आहे.

हे चित्र अमेरिकेचे कौतुक करते की टिंगल, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला वाटते हॅमिल्टनना दोन्हीही करायचे होते आणि त्यातच त्यांचे कसब आहे. ज्या देशात दोन वर्षांपूर्वीपर्यंत मटण रेशनवर होते, तिथे डबाबंद हॅमची जाहिरात ही स्वप्नासारखीच दिसणार. हॅमिल्टन, एदुआर्दो पाओलोत्सी आणि त्यांचे वास्तुरचनाकार-समीक्षक मित्र लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स’मध्ये १९५२पासून जमत होते आणि जाहिराती, विज्ञानकथा, मोटारींची घडण यांवर तितक्याच गांभीर्याने बोलत होते, जितक्या गांभीर्याने इतर लोक चर्चमधल्या भित्तिचित्रांवर बोलतात. कलेची उच्च आणि हलकी अशी उतरंड त्यांना मान्य नव्हती. पॉप कला अमेरिकेत जन्मली असा समज आहे, पण तिची तात्त्विक जुळवाजुळव आधी लंडनमध्ये झाली, आणि ती दुरून अमेरिका न्याहाळणाऱ्यांनी केली.

पुढची पिढी मोठी होण्यामागे एक साधे कारण होते, ते म्हणजे कलाशाळा. ब्रिटनमधल्या बऱ्याचशा शहरांत त्या काळी स्थानिक कलाशाळा होती, आणि १९६०च्या दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्काबरोबरच राहण्या-खाण्यासाठीही सार्वजनिक अनुदान मिळत असे. त्यामुळे कामगाराच्या किंवा कारकुनाच्या मुलाला काही वर्षे चित्रे काढत बसणे परवडू लागले. जॉन लेननसारखे अनेक गायक-वादक अशाच कलाशाळांतून बाहेर पडले, हा योगायोग नव्हे. ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावातून डेव्हिड हॉकनी १९५९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आले. दोन वर्षांतच ते पुरुषांच्या परस्पर प्रेमाची चित्रे उघडपणे रंगवू लागले. असे प्रेम तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. कायदा बदलला तो १९६७ साली.

त्याच वर्षी हॉकनींनी कॅलिफोर्नियात ‘अ बिगर स्प्लॅश’ हे चित्र रंगवले. जवळपास अडीच मीटरच्या चौरसात एक सपाट गुलाबी घर, दोन ताडाची झाडे, एक रिकामी खुर्ची आणि पोहण्याचा तलाव; कोणीतरी नुकतीच उडी मारली आहे, पण ते माणूस दिसत नाही, फक्त पाणी उसळलेले दिसते. भिंत, आकाश, पाणी यांचे सपाट पट्टे रोलरने दिलेले आहेत, आणि दोन क्षणांत विरणारे ते शिंतोडे मात्र हॉकनींनी बारीक कुंचल्यांनी सुमारे दोन आठवडे रंगवले. ब्रॅडफर्डच्या काळवंडलेल्या विटांच्या घरातून निघालेल्या मुलाने परक्या उन्हातले घर इतक्या निगुतीने रंगवावे, यात हॅमिल्टनच्या कोलाजमधली ती दुरून पाहिलेली अमेरिका प्रत्यक्ष गाठल्याचा आनंद आहे.

घराच्या या वाटेवर ऑप कलेच्या ब्रिजेट रायली बसत नाहीत आणि त्यांना ओढूनताणून बसवणे बरेही नाही. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या आणि रेषांच्या नुसत्या मांडणीने त्यांनी स्थिर फलक हलता करून दाखवला, आणि १९६८ साली व्हेनिसमध्ये चित्रकलेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तेवढे नोंदवून पुढे जाऊ.

चित्राकडून वस्तूकडे जाण्याचा मुख्य टप्पा शिल्पकलेत घडला, आणि तोही एका कलाशाळेत. हेन्री मूर यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केलेले अँथनी कॅरो लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. १९६०च्या सुमारास त्यांनी पोलादी पत्रे, नळ्या आणि तुळया जोडून अमूर्त शिल्पे करायला सुरुवात केली आणि ती चबुतऱ्यावर न ठेवता थेट जमिनीवर ठेवली. ‘अर्ली वन मॉर्निंग’ हे १९६२चे त्यांचे शिल्प सहा मीटरांहून लांब आहे. आधी ते हिरवे होते, चित्रकार असलेल्या त्यांच्या पत्नी शीला गर्लिंग यांच्या सूचनेवरून ते लाल झाले. चबुतरा काढणे ही आज किरकोळ बाब वाटेल. पण चबुतरा ही वस्तूची पायरी असते. देव्हाऱ्यातली मूर्ती आणि फळीवरचे खेळणे यांत फरक करते ती जागा. चबुतरा गेल्यावर शिल्प आपल्याच जमिनीवर, आपल्याच खोलीत, खुर्चीटेबलासारखे येऊन उभे राहिले. मग टेबल आणि शिल्प यांत फरक कोणता, हा प्रश्न त्यांच्याच विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी विचारला.

सहकाऱ्यांपैकी जॉन लॅथम यांची पद्धत सर्वांत खोडकर होती. कॅरोंची पाठराखण करणारे अमेरिकी समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांच्या निबंधांचे पुस्तक त्यांनी १९६६ साली कलाशाळेच्याच ग्रंथालयातून घेतले, घरी पाहुण्यांना बोलावले आणि त्याची पाने चावून थुंकायला लावली. तो लगदा आंबवून त्याचा द्रव केला. ग्रंथालयाने पुस्तक परत मागितल्यावर तो द्रव छोट्या कुपीत भरून पाठवला. त्यांची नोकरी गेली. कुपी, तगाद्याचे पत्र आणि बाकीचे अवशेष यांची पेटी आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. विद्यार्थ्यांपैकी रिचर्ड लाँग यांनी १९६७ साली एका गवताळ शेतात सरळ रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा केली, पायाखालचे गवत चेपून पडलेल्या वाटेचा फोटो काढला आणि तेच आपले शिल्प असल्याचे सांगितले. त्यात काहीही घडवलेले नव्हते, विकत आणलेले नव्हते, आणि चार दिवसांत ते नाहीसेही झाले असेल.

इथे बहुतेक वाचक थांबतात आणि विचारतात की याला कला का म्हणायचे. या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर मायकेल क्रेग-मार्टिन यांच्या १९७३च्या कामात आहे. उंचावर लावलेल्या काचेच्या फळीवर पाण्याने भरलेला एक साधा पेला, आणि खाली प्रश्नोत्तरांच्या रूपातला मजकूर, की हा पेला नाही. त्याचे रंगरूप न बदलता कलावंताने त्याचा ओकचा वृक्ष केला आहे. क्रेग-मार्टिन कॅथलिक संस्कारांत वाढले होते आणि प्रार्थनेतली भाकर ख्रिस्ताचे शरीर होते ही श्रद्धा त्यांना परिचित होती. मराठी वाचकाला तर हे समजायला एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. पूजेच्या चौरंगावर तांदळाच्या राशीवर ठेवलेली सुपारी आवाहन झाले की गणपती होते. सुपारीचे वजन, रंग, आकार तसूभरही बदलत नाही, बदलते ती तिच्याशी वागण्याची आपली रीत, आणि पूजा आटोपल्यावर विसर्जन झाले की ती पुन्हा सुपारी. संकल्पनाधिष्ठित कलेचे म्हणणे एवढेच आहे की कलाकृतीही अशाच एका संमतीने कलाकृती होते, आणि ती संमती कशी तयार होते हे उघड करून दाखवणे हेही कलेचे काम असू शकते. हा पेला ऑस्ट्रेलियात नेताना तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वनस्पती आयात करता येणार नाही म्हणून अडवला, असा किस्सा क्रेग-मार्टिन सांगतात. शेवटी त्यांना तो नुसता पाण्याचा पेला आहे हे कबूल करावे लागले.

ही संमती सगळ्यांनी दिली नव्हती हे १९७६ साली दिसले. कार्ल आंद्रे या अमेरिकी शिल्पकाराच्या १२० विटांची आयताकृती रचना टेटने चार वर्षांपूर्वी विकत घेतली होती. वृत्तपत्रांना तिचा सुगावा लागला आणि सार्वजनिक पैशातून विटा घेतल्याबद्दल देशभर गदारोळ उठला. त्याच वर्षी आर. बी. किटाज या चित्रकाराने लंडनच्या हेवर्ड कलादालनात माणसाच्या आकृतीला वाहिलेले प्रदर्शन भरवले आणि ‘स्कूल ऑफ लंडन’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यात मोडणारे चित्रकार जिद्दीने समोर बसलेल्या माणसाकडे पाहत राहिलेले होते. गंमत अशी की या लंडनच्या घराण्यातले बरेचसे लोक बाहेरून आलेले होते. लुसियन फ्रॉइड दहा वर्षांचे असताना बर्लिनहून आले, किटाज अमेरिकेतून, बेकन यांचा जन्म डब्लिनचा. फ्रँक आउरबाख यांना सातव्या वर्षी त्यांच्या आईवडिलांनी जर्मनीतून एकटे पाठवले आणि ते आईवडील पुढे नाझींच्या हातून मारले गेले. आउरबाख १९५४पासून उत्तर लंडनमधल्या एकाच चित्रशाळेत काम करत राहिले, दिवसभर रंगवलेले खरवडून काढत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करत. एका खोलीला इतके धरून राहण्याचे कारण त्यांच्या बालपणात शोधावेसे वाटते, पण ते सिद्ध करता येणार नाही.

युरोपातून आलेल्यांना लंडनने आपले म्हटले. आपल्याकडून गेलेल्यांचे काय झाले? गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढले गेलेले, १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक, १९४९ साली लंडनला पोचले. सुरुवातीची हलाखीची वर्षे गेल्यावर १९५५ साली गॅलरी वनमधल्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले आणि जॉन बर्जरसारख्या समीक्षकाने त्यांच्यावर लिहिले. १९५९ सालचा त्यांचा क्रुसावरचा ख्रिस्त काळा, काटेरी आणि दात दाखवणारा आहे. बेकन यांच्या नारिंगी चित्रांच्या पंक्तीत तो सहज बसतो. प्रोग्रेसिव्ह ग्रुपचेच दुसरे संस्थापक शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ साली लंडनला गेले, चोवीस वर्षे तिथे राहिले आणि १९७५ साली परत येऊन कोकणात मुरुड-हर्णैला स्थायिक झाले. सूझा १९६७ साली न्यूयॉर्कला गेले. ब्रिटिश कलेच्या प्रचलित इतिहासांत पुढची कित्येक वर्षे ही दोन्ही नावे शोधावी लागत.

ही उणीव कोणी भरून काढली तर तिची झळ लागलेल्यांनीच. कराचीहून १९६४ साली आलेले, शिक्षणाने अभियंता असलेले रशीद अराईन यांनी लिहून, भांडून आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९८९ साली हेवर्डमध्ये ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन उभे केले. आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाच्या २४ कलावंतांचे ते युद्धोत्तर ब्रिटनमधले काम होते, आणि त्यात सूझाही होते. त्याआधी १९८५ साली लुबैना हिमिड यांनी ११ कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सने त्यांना मुख्य दालन न देता जाण्यायेण्याच्या बोळातली जागा दिली. त्या बोळात शांतिनिकेतनला जन्मलेल्या सुतपा बिस्वास यांची कालिमाता होती. तिचे नाव ‘सुऱ्या घेतलेल्या गृहिणी’. चार हात, उगारलेले शस्त्र, गळ्यात पुरुषांच्या मुंडक्यांची माळ. ती भिंतीवरून पुढे झुकलेली टांगतात, त्यामुळे समोर उभे राहिले की ती अंगावर येते. हॅमिल्टनच्या सोफ्यावरच्या त्या निर्वस्त्र गृहिणीला मिळालेले हे उत्तर होते, असे मी मानतो.

मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांनी मात्र ‘द अदर स्टोरी’त सामील व्हायला नकार दिला. वंशाच्या चौकटीत आपले काम पाहिले जावे हे त्यांना पटत नव्हते. तोवर त्यांचे नाव झालेले होते; १९७९च्या भारतभेटीनंतर त्यांनी कोरड्या रंगपुडीने झाकलेले लाल, पिवळे, निळे आकार जमिनीवर मांडायला सुरुवात केली होती, आणि त्यांतले हळदकुंकवाच्या ढिगांशी असलेले नाते मराठी डोळ्याला सांगावे लागत नाही. १९९० साली त्यांनी व्हेनिसमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले आणि १९९१ साली त्यांना टर्नर पारितोषिक मिळाले. अराईन आणि कपूर या दोघांच्याही भूमिकांत तथ्य आहे. एकाला दार उघडून घ्यायचे होते, दुसऱ्याला दारावर आपली जात-पात लिहिलेली नको होती.

दरम्यान देशाची घडी बदलली होती. १९७९ साली मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या, १९८०च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती विकत घेता येऊ लागली, लंडनची जुनी गोदी बंद पडली आणि तिथल्या रिकाम्या इमारतींत विकासक उतरले. अशाच एका रिकाम्या इमारतीत १९८८च्या उन्हाळ्यात गोल्डस्मिथ्स कॉलेजचा विद्यार्थी डेमियन हर्स्ट याने आपल्या सोबत्यांचे ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले. क्रेग-मार्टिन तिथे शिक्षक होते, त्यामुळे पेल्याचा धडा, पुढे ‘यंग ब्रिटिश आर्टिस्ट्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलांनी, पहिल्याच वर्गात गिरवलेला होता. सरकारी मंडळाच्या निवडीची वाट न पाहता जागा, प्रायोजक आणि पाहुणे स्वतः जमवणे हे नवे होते. जाहिरातसम्राट चार्ल्स साची यांच्यासारखा संग्राहक लगेच पुढे आला. १९७९च्या निवडणुकीत थॅचर यांच्या पक्षाच्या जाहिराती त्यांच्याच कंपनीने केल्या होत्या.

हर्स्टचा १९९१चा फॉर्मॅल्डिहाइडमधला वाघशार्क सर्वांना माहीत असतो, पण मला त्याच्या आदल्या वर्षीचे काम अधिक टणक वाटते. काचेची मोठी पेटी, मधे काचेचा पडदा. एका बाजूला अळ्यांतून माश्या निघतात, दुसऱ्या बाजूला गाईचे तुटलेले मुंडके आणि वर माश्या मारणारा विजेचा दिवा. जन्म, अन्न, मरण सगळे त्या एका खोलीत. वृद्ध बेकन यांनी मृत्यूच्या काही काळ आधी ते साचींच्या दालनात पाहिले होते. आपण आयुष्यभर रंगवलेला पिंजरा समोर खराखुरा उभा राहिलेला पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

आणि मग १९९३ सालचे ‘हाउस’. रेचल व्हाइटरीड यांनी पूर्व लंडनमधल्या ग्रोव्ह रोडवरचे, पाडायला काढलेल्या चाळवजा रांगेतले शेवटचे उरलेले घर निवडले, त्याच्या आतल्या भिंतींवर काँक्रीट फवारले, ते घट्ट झाल्यावर बाहेरच्या विटा, दारे, खिडक्या उतरवून टाकल्या. उरला तो घरातल्या पोकळीचा ठोकळा. सगळे उलटे झाले होते. शेकोटीची खोबण बाहेर फुगवट्यासारखी आली होती, खिडक्यांच्या जागी बाहेर डोकावणारे चौकोन होते, विजेच्या बटणांचे आणि दारांच्या कड्यांचे ठसे भिंतीवर उमटलेले होते. माणसे जिथे श्वास घेत होती ती जागाच घन झालेली, त्यामुळे आत जायला वाटच नव्हती. जवळच कॅनरी व्हार्फचा नवा उंच मनोरा दिसत होता. २३ नोव्हेंबरला व्हाइटरीड यांना टर्नर पारितोषिक मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि त्याच दिवशी स्थानिक समितीने हे शिल्प पाडण्याचे ठरवले. सर्वांत वाईट कलाकृती म्हणून एका गटाने त्यांना चिडवण्यासाठी ४० हजार पौंड देऊ केले, त्यातला एक भाग त्यांनी बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ या संस्थेला दिला. ११ जानेवारी १९९४ रोजी ते घर दुसऱ्यांदा पाडले गेले.

एमिन यांचा पलंग या घराच्या शेजारी ठेवून पाहावा. व्हाइटरीड यांनी घरातली माणसे वगळून जागा तेवढी ठेवली. एमिन यांनी भिंती वगळून माणसाच्या खुणा तेवढ्या ठेवल्या. नैराश्याच्या काही दिवसांत त्या ज्या पलंगावरून उठल्या नाहीत तोच हा. तो ढोंगी आहे असे म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. पण जॅक स्मिथ यांच्या सिंकच्या चित्रात जे दाखवायला चित्रकार लागत होता, ते इथे अंथरुण स्वतःच सांगते, आणि सांगणारी त्या अंथरुणाचीच मालकीण आहे, हा फरक मोठा आहे. एमिन यांना पारितोषिक मिळाले नाही. २०१४ साली पलंग २५ लाख पौंडांच्या घरात विकला गेला.

१९९७ साली रॉयल अकादमीतले ‘सेन्सेशन’ हे साचींच्या संग्रहाचे प्रदर्शन आणि २००० साली बंद पडलेल्या वीजकेंद्रात उघडलेले टेट मॉडर्न यांनी ही कला सर्वसामान्यांची सहलीची जागा करून टाकली. टेट मॉडर्नला पहिल्या वर्षी ५० लाखांहून अधिक लोक आले. बाजारही फुगला. १५ सप्टेंबर २००८ रोजी, लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली त्याच दिवशी, हर्स्टच्या कामांचा दोन दिवसांचा लिलाव सुरू झाला आणि त्यात ११ कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमली. दुसरीकडे विद्यार्थ्यांची अनुदाने संपली, १९९८पासून शिक्षणशुल्क आले आणि २०१२पासून इंग्लंडमध्ये ते वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत गेले. आज ब्रॅडफर्डच्या कारकुनाच्या मुलाने कलाशाळेत जायचे ठरवले, तर त्याला आधी कर्जाचा हिशेब मांडावा लागतो.

बोळात उभ्या केलेल्या बायका मात्र दिवाणखान्यात आल्या. २०१७ साली टर्नर पारितोषिकाची पन्नास वर्षांची वयोमर्यादा उठली आणि त्याच वर्षी ६३ वर्षांच्या हिमिड यांना ते मिळाले. युरोपातल्या श्रीमंत घरांत राबवलेल्या आफ्रिकी नोकरांच्या १०० पूर्णाकृती पुतळ्या त्यांनी लाकडी फळ्यांतून कापून रंगवल्या आहेत. प्रत्येकाचे धन्याने दिलेले नाव आणि स्वतःचे खरे नाव अशी दोन्ही नावे त्यात सांगितली जातात. त्यांच्या १९८५च्या प्रदर्शनातल्याच सोनिया बॉइस यांनी २०२२ साली व्हेनिसमध्ये ब्रिटनच्या दालनाच्या भिंती नक्षीच्या कागदाने मढवल्या, त्यावर कृष्णवर्णीय गायिकांच्या स्वरांची मांडणी केली आणि सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय सहभागाचा सुवर्णसिंह मिळवला.

२०२४चे टर्नर पारितोषिक ग्लासगोच्या शीख कुटुंबात वाढलेल्या जसलीन कौर यांना मिळाले. त्यांच्या मांडणशिल्पात एक जुनी लाल मोटार उभी होती, वडिलांच्या पहिल्या गाडीची आठवण म्हणून, आणि तिच्यावर आपल्याकडे रेडिओवर किंवा टीव्हीवर घालतात तसा क्रोशाचा जाळीदार पांढरा रुमाल पसरलेला होता, फक्त तो अख्खी गाडी झाकेल एवढा मोठा. आतून गाणी वाजत होती. गाडी फोर्डची होती.